दाजी, पाय टेकलाच नव्हता!

जानेवारीतली गोष्ट आहे पण आत्ता लिहितोय, कारण घरातलं वातावरण आत्ता कुठे जरा निवळलंय. झालं असं की आमच्या मोटरसायकल ट्रायल्समधे मी पंच होतो आणि माझ्या शालकाच्या मार्कांच्या कार्डावर एका सेक्शनला १ पडला आणि पुढच्या फेरीत त्याच सेक्शनला ५ पडला. त्यातला १ मी दिला होता, ५ मी दिलेलाच नव्हता, मी तेव्हा झाडाखाली बसून भरीत खात होतो, पण घरी हिशोब दोन्हीचा माझ्याच नावावर लागला. बायको म्हणे, "माझ्या भावाला पाच दिले?" म्हटलं अगं पाच मी नाही दिले. "मग एक तरी कशाला दिला?" आता हिला काय सांगू की ह्या खेळात मार्क मिळाला की माणूस खाली जातो.

ज्यांना ट्रायल्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोटरसायकलचाच खेळ पण शर्यत नाही, स्पीडला इथे कोणी विचारत नाही. दगडगोटे, ओढा, चिखल, उभा चढ असा वीस-तीस मीटरचा नतद्रष्ट तुकडा शोधायचा, दोन्ही बाजूला टेप लावायची, त्याला सेक्शन म्हणायचं आणि त्यातून गाडी पाय न टेकवता बाहेर काढायची. अजिबात टेकला नाही तर शून्य, म्हणजे क्लीन. एकदा टेकला १, दोनदा टेकला २, तीनदा टेकला ३ आणि त्यानंतर दहादा टेकवा नाहीतर पन्नासदा, ३ च. पडलात, टेपच्या बाहेर गेलात, मधेच सोडून दिलं तर ५. चार हा आकडाच नाही. दिवसभराची बेरीज करायची, ज्याची सगळ्यात कमी तो पहिला. ज्यांच्या शेतात आम्ही हे सगळं केलं ते मामा (दोस्ताचे मामा, म्हणून आमचे सगळ्यांचे मामा) हे ऐकून म्हणाले, "सगळ्यात कमी मार्कवाला पहिला? मंग आमचं पोरगं बोर्डात आलं असतं भो."

खेळ जुना आहे बरं का. स्कॉटलंडला १९०९ साली पाच दिवसांची अशी ट्रायल झाली, १९११ पासून तिचं नाव स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल झालं आणि आजही त्याच नावाने भरते. तेव्हा गाडी चढ चढते का, का मधेच मान टाकते हीच परीक्षा असायची, म्हणून ट्रायल. वर्ल्ड चॅम्पियनशिप मात्र बरीच उशिरा, १९७५ ला सुरू झाली, पहिली मार्टिन लॅम्पकिनने बुल्टाको गाडीवर जिंकली. आणि आता तो स्पेनचा टोनी बू आहे, त्याने २००७ पासून २०२४ पर्यंत एकही वर्ष सोडलं नाही, उघड्यावरची पण आणि स्टेडियममधली पण. आमचं डोकं त्याच्याच व्हिडिओंनी फिरवलं. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी सगळीकडे गाड्यांवर फिरून झालेलं, आमच्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरलेलं, अशात कोणीतरी त्याचा व्हिडिओ टाकला, माणसाच्या दीडपट उंच दगडावर हा बाबा गाडी अशी चढवतो जशी शेळी चढते. झालं, आपण पण करू.

आता त्याची गाडी असते सत्तर किलोच्या आसपास, सीट नावालाच, कारण बसायचंच नसतं, टायरमधे हवा इतकी कमी की हाताने दाबला तर दबेल. आमच्याकडे काय तर चार एक्सपल्स, प्रत्येकी दीडशे किलोच्या वर, एक जुनी इम्पल्स, दोन आरएक्स हंड्रेड, बाकी जे हाताला लागलं ते, आणि एक जण चक्क स्प्लेंडर घेऊन आला, दूध घालायची, कॅनचे हुक तसेच. अकरा रायडर. माझा गुडघा गेली दोन वर्षं कुरकुरतो म्हणून मला गाडीवरून उतरवलं आणि पंच केलं. आपल्याकडे हे असंच असतं, ज्याला खेळता येत नाही तो अंपायर.

जागा चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. हा सगळा पट्टा गोट्यांचा, डोंगरातून पाण्याबरोबर वाहत आलेले काळे गोल दगड, नारळाएवढ्यापासून म्हशीएवढ्यापर्यंत, वर थोडी माती. शेतकऱ्याला डोकेदुखी, आमच्यासाठी तयार ग्राउंड. जंगलखात्याच्या हद्दीत पाय ठेवायचा नाही हे पहिल्यापासून ठरलं होतं, मामांचं पडीक दोन एकर आणि बांधाला लागून कोरडा नाला तेवढंच वापरलं. बांबू रोवले, टेप ओढली, आत जायला आणि बाहेर पडायला फक्कीने रेषा मारल्या, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशा. एकूण सहा सेक्शन, तीन फेऱ्या, म्हणजे प्रत्येकाचे अठरा प्रयत्न, सगळीकडे नापास झालात तर नव्वद.

कार्डाची गंमत सांगतो. बाहेर क्लबच्या स्पर्धांमधे रायडर स्वतःचं कार्ड स्वतःजवळ बाळगतो, त्यावर प्रत्येक सेक्शनपुढे ०, १, २, ३, ५ छापलेलं असतं, पंच त्यातल्या एका आकड्यावर भोक पाडतो. पेनाने लिहिलं तर घामाने पुसतं, चिखलात वाचता येत नाही, शिवाय शून्याला घरी बसून कोणी नऊ करणार नाही पण तीनचा दोन करायला किती वेळ लागतो. आम्हाला भोक पाडायचं यंत्र कुठून आणायचं हा प्रश्न, तर आमच्यातल्या एकाचे वडील भुसावळला रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांच्या ट्रंकेत तिकीट चेकरचा जुना चिमटा सापडला, तो पाडतो बारीक बदामासारखं भोक. बाकी पाच जणांना स्टेशनरीच्या दुकानातले फायलीला भोक पाडायचे पंच. काका स्वतः पण आले, तीन नंबर सेक्शनला बसले, आणि त्यांच्या सेक्शनला दिवसभरात एकही भांडण झालं नाही कारण ते कार्ड तपासताना चष्म्याच्या वरून असं बघत की समोरच्याला वाटायचं आपण विदाउट तिकीट आहोत. बदामी चिमटा मात्र त्यांनी मला दिला, म्हणाले नाल्यात लबाडी जास्त होईल.

माझा सेक्शन चार नंबरचा, नाल्यातला. आत शिरायचं, डावीकडे वळायचं, म्हशीएवढ्या दगडाच्या आणि दरडीच्या मधल्या फटीतून निघायचं, पुढे गोट्यांचा चढ आणि वर रेषा. ऐकायला काही नाही. पण पंच म्हणून तिथे उभं राहिल्यावर कळलं की माणसाला दोनच डोळे असतात आणि गाडीला दोन बाजू. रायडरचा उजवा पाय मला दिसतो तेव्हा डावा दिसत नाही. पाय टेकला का नुसता खाली आला आणि परत वर गेला? मऊ मातीत बुटाचा ठसा राहतो, दगडावर काय राहणार. मग मी गाडीबरोबर चालायला लागलो, चालायला म्हणजे गुडघा सांभाळत धडपडायला, आणि एक नियम स्वतःपुरता केला की डोळ्याने दिसला तरच मोजायचा, "टेकलाच असेल" असा अंदाज मोजायचा नाही. शंका आली तर रायडरच्या बाजूने. हा काही माझा शोध नाही, ह्या खेळात पंचांना तसंच शिकवतात.

आणि टेकणं म्हणजे फक्त पाय नाही. इथेच आमचं पहिलं वाजलं. शालक पहिल्या फेरीत आला, एक्सपल्स, अंगात नवा कोरा जर्सी, दगड आणि दरडीच्या फटीत गाडी डावीकडे कलली आणि ह्याने खांदा दरडीला टेकवला, सावरला, निघाला. पाय दोन्ही फूटरेस्टवर. वर रेषा ओलांडली आणि हाताची मूठ करून मला दाखवतोय, शून्य. मी एक बोट वर केलं.

"दाजी, पाय टेकलाच नव्हता!"

"खांदा टेकला."

"खांदा म्हणजे पाय का?"

नियम असा आहे की रायडरच्या अंगाचा कुठलाही भाग जमिनीला, झाडाला, दगडाला आधारासाठी लागला तर तो टेकलाच. गाडीचे टायर, फूटरेस्ट आणि इंजिनाखालची पत्र्याची प्लेट एवढं घासलं तर चालतं. शालक म्हणे लागलाच नाही, नुसता जवळून गेला. मी म्हटलं पाठमोरा हो. खांद्यावर ही एवढी पिवळी माती. आता आपल्याकडच्या यात्रेत कुस्त्या बघितलेल्या माणसाला ह्यापुढे बोलायला जागाच नसते, पैलवान कितीही ओरडू दे मी चितपट नाही म्हणून, पंच त्याला वळवतो, पाठ बघतो, माती दिसली की विषय संपला. वर दरडीवर बसलेली गावातली मंडळी पण हेच ओरडली, "माती लागनी, माती लागनी!" त्यांना ट्रायल्स काय हे कळायला सकाळपासून दोन तास लागले होते पण हा नियम एका सेकंदात कळला. बदामाचं भोक १ वर.

सगळंच इतकं सोपं नव्हतं. आरएक्सवाल्या एकाने दोन्ही पाय लावून गाडी ढकलत नेली, आम्ही म्हटलं ३, तो खुश, कारण त्याला ५ ची भीती होती. ह्यातच खरी मेख आहे, म्हणून चार नाही. तिसऱ्यांदा पाय टेकल्यावर रायडरपुढे सवाल असतो, आता लाज सोडून वल्हं मारल्यासारखे पाय मारत बाहेर पडायचं आणि ३ वर सुटायचं, का ऐटीत राहून पडायचं आणि ५ घ्यायचे. मधे दोन मार्कांची दरी मुद्दाम ठेवलीय. ज्याची ऐट जास्त त्याचे पाच जास्त, हे मी दिवसभर बघितलं.

मधेच एकदा गाडी अर्ध्या चढावर आणि वरून एक पोरगा पंधरा-वीस शेळ्या घेऊन नाल्यात उतरला. रायडर थांबला, पाय टेकले, गाडी बंद. मला प्रश्न, देऊ का ५? शेळ्यांना तर टेप दिसत नाही. अशा अडथळ्याला परत प्रयत्न द्यायचा असतो, दिला, आणि दुसऱ्यांदा भाऊ शेळ्या नसताना पण तिथेच आपटला. मग म्हणे शेळ्यांमुळे लय बिघडली. बदाम, ५.

आता मुख्य गोष्टीवर येतो, थांबणं.

ट्रायल्समधे दोन पंथ आहेत. एकात पाय वर ठेवून थांबलात तर चालतं, गाडी जागेवर उड्या मारून फिरवा, श्वास घ्या, पुढचा दगड बघा, फक्त घड्याळ चालू असतं आणि ठरलेल्या वेळेत बाहेर पडायचं. दुसरा नो-स्टॉप, गाडी पुढे जायची थांबली की ५, पाय वर असो नाहीतर खाली. वर्ल्ड चॅम्पियनशिपला २०१३ साली नो-स्टॉप आणला तेव्हा मोठा गदारोळ झाला होता, कारण थांबला की नाही हे ठरवणार कोण, तर पंच, आणि पंचाच्या नजरेवर वर्ल्ड टायटल. (टोनी बू त्या वर्षी पण जिंकला ती गोष्ट वेगळी.) आम्ही आदल्या रात्री चोपड्याच्या बसस्टँडजवळ चहाच्या टपरीवर दीड तास ह्याच्यावर घातला आणि शेवटी नो-स्टॉप ठरवलं, कारण काय तर सहा स्टॉपवॉच कोण सांभाळणार. एवढा मोठा निर्णय एवढ्या फालतू कारणाने. आणि "थांबणं" म्हणजे नक्की काय ह्याच्यावर पाच मिनिटं पण बोललो नाही, सगळ्यांना वाटलं थांबणं म्हणजे थांबणं, त्यात काय बोलायचं.

पहिली फेरी मी पूर्ण बघितली. अकरा जण, त्यात दोघांना ५, दोघंही पडले होते. थांबला म्हणून मी एकालाही ५ दिला नाही. मला खरंच कोणी थांबलेला दिसला नाही. दुसऱ्या फेरीचे पाच जण झाले, दीड वाजला, वरून वास यायला लागला. मामांनी सकाळीच तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायला टाकली होती, ही आपल्याकडची हिरवी, मोठी, भरताची वांगी, कांद्याची पात, शेंगदाणे, कळण्याच्या भाकरी, आणि थंडीचे दिवस. खोटं कशाला बोलू. मी आमच्या मेकॅनिक दोस्ताला म्हटलं भो, वीस मिनिटं उभा राहा, सहाच जण राहिलेत. तो गाड्या दुरुस्त करायला आला होता, तेव्हा मोकळाच होता. त्याला चिमटा दिला, नियम त्याला माहीत होतेच, रात्री टपरीवर तो पण होता. मी गेलो.

दोन भाकरी खाऊन परत आलो तर नाल्यात कालवा. सहापैकी चार जणांना ५. पडलेला एकच, बाकी तिघं "थांबले" म्हणून. त्यात शालक, आणि शालकाचा आवाज सगळ्यात वर, "मना पाय टेकनाच नही!" चिडला की तो अहिराणीवर येतो. मेकॅनिक शांत, तो म्हणतोय पाय मी बघतच नव्हतो, गाडी थांबली.

मी त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं तू बघतो काय? तो म्हणे चाक. पुढच्या चाकाचा ॲक्सल. "तू काय बघतो?" मी म्हटलं पाय. आणि तिथेच दोघांच्या डोक्यात एकदम पेटलं. मी सकाळपासून बुटांकडे बघत होतो, रायडरच्या अंगाकडे बघत होतो. रायडर म्हशीएवढ्या दगडाजवळ येतो, क्लच धरतो, अंग इकडून तिकडे हलतं, हँडल वळवतो, गुडघे वाकवतो, माणूस सगळा हलत असतो, मला वाटतं चाललाय. पण चाक एक सेकंद जागेवर. मेकॅनिक माणूस, त्याला आयुष्यभर चाकाकडेच बघायची सवय, स्पोक फिरले नाहीत म्हणजे गाडी थांबली, वरचा माणूस नाचेना का. नियमाप्रमाणे तो बरोबर. शंभर टक्के बरोबर. आणि म्हणूनच घोटाळा, कारण पहिल्या फेरीत तोच दगड, तीच फट, तसेच थांबलेले सगळे माझ्या हातून सुटले, आणि दुसऱ्या फेरीत पण आधीचे पाच जण सुटले, फक्त माझ्या जेवणाच्या वेळेला आलेल्या सहातले तिघं सापडले.

ह्या खेळात एका सेक्शनला दिवसभर एकच पंच का बसवतात हे मला त्या क्षणी कळलं, तोपर्यंत मला वाटायचं माणसं कमी असतात म्हणून. माझी नजर कच्ची होती, मान्य, पण अकराच्या अकरांना तीच कच्ची नजर मिळाली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. टेनिस बॉलच्या मॅचला नाही का, अंपायर वाईड जरा जास्तच देतो, दोन ओव्हरमधे बॉलरला कळतं, तो लाइन बदलतो, मॅच होऊन जाते. पण मधेच अंपायर बदलला तर? मी भरताच्या वासावर अंपायर बदलला.

मग आता काय. तिघांचे ५ काढून टाकायचे? तर मेकॅनिक म्हणे मी जे डोळ्याने बघितलं ते खोटं का? आधीच्या सगळ्यांना परत बोलवायचं? कोणी म्हणालं सेक्शनच रद्द करा, त्याच्यावर तिथे क्लीन गेलेले दोघं भडकले. शेवटी रेल्वेवाले काका त्यांच्या सेक्शनवरून आले, सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "जागेवरच्या माणसाने जे पाहिलं ते पाहिलं. अपील नियमावर करा, डोळ्यावर करू नका." मोटरस्पोर्टमधे साधारण असंच असतं म्हणा, नियम चुकीचा लावला तर तक्रार करता येते, पण पाय टेकला का, गाडी थांबली का, ह्या डोळ्यासमोरच्या गोष्टीवर पंचाचा शब्द शेवटचा. ५ राहिले. तिसऱ्या फेरीला आम्ही दोघं उभे राहिलो, मी पायाला, तो चाकाला, दरडीच्या दोन बाजूंनी. खरं तर सुरुवातीपासून हेच करायला पाहिजे होतं. शालक त्या फेरीत क्लीन गेला, माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी टेम्पोच्या फाळक्यावर कार्डं मांडून बेरीज. भुसावळचा एक पोरगा पहिला, ३१. शालक दुसरा, ३४. तीन मार्कांनी गेला. म्हणजे तो ५ नसता, शून्य असता तर २९, आणि पहिला. हे गणित त्याने माझ्या आधी केलं होतं.

तिसऱ्या नंबराचं वेगळंच. स्प्लेंडरवाला ४१, आणि एक्सपल्सवाला अजून एक, तो पण ४१. टाय झाला तर क्लीन जास्त कोणाचे ते बघतात, मग एक जास्त कोणाचे, मग दोन. स्प्लेंडरवाल्याचे क्लीन ४, एकदा २, आणि तेरा वेळा ३. पाच एकही नाही. अठरापैकी एकदाही पडला नाही, थांबला नाही, दुधाच्या कॅनच्या हुकासकट गाडी पाय मारत मारत प्रत्येक सेक्शनच्या बाहेर काढली. एक्सपल्सवाल्याचे क्लीन ७, पण सहा वेळा ५, सहा वेळा चारी मुंड्या चीत. नियमाने तिसरा एक्सपल्सवाला. मी नियम वाचून दाखवला तेव्हा स्प्लेंडरवाला काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "म्हणजे पडायला पाहिजे होतं का भाऊ?" मला उत्तर सुचलं नाही. नियमाचा मुद्दा कळतो, हा खेळ पाय न टेकवण्याचा आहे म्हणून न टेकवणाऱ्याला झुकतं माप. पण मला मनापासून विचाराल तर आमच्यासारख्या घरच्या गाड्यांच्या स्पर्धेत टायला कमी ५ वाला पुढे पाहिजे. पुढच्या वेळी तसं लिहून ठेवणार आहे, आधी लिहून, टपरीवर नाही. मामांनी त्याला एक केळीचा घड दिला, सगळ्यांसमोर, टाळ्या त्यालाच जास्त पडल्या.

आपल्याकडे हा खेळ अजून म्हणावा तसा रुजलेला नाही. मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय फेडरेशनकडे रॅली, मोटोक्रॉस वगैरेचे परवाने, अधिकारी, सगळं शिस्तीत असतं, आमचं म्हणजे मित्रांनी शेतात केलेली मजा, तिला स्पर्धा म्हणणं पण जास्तच. तरी ह्याला लागतं काय, एक नाला, थोडी फक्की, आणि सहा माणसं जी दिवसभर जागेवरून हलणार नाहीत. पहिल्या दोन गोष्टी खान्देशात पाहिजे तेवढ्या आहेत.

हां, एक राहिलं. गेल्या आठवड्यात शालकाने मला एक व्हिडिओ पाठवला, ग्रुपवर नाही, फक्त मला. दरडीवर त्याचा चुलतभाऊ मोबाइल घेऊन बसला होता, त्याने पहिल्या दोन्ही फेऱ्या काढलेल्या, आणि ह्याने चार महिने ते स्लो करून करून बघितलं, बहुतेक मेकॅनिकला खोटं पाडायला. दुसऱ्या फेरीत दगडाजवळ चाक थांबलंय, स्पष्ट दिसतं, मेकॅनिक बरोबर. पण पहिल्या फेरीत, जिथे मी खांद्याचा १ देऊन स्वतःला लई हुशार समजत होतो, तिथे खांदा दरडीला टेकलेला असताना गाडी त्याच्याहून जास्त वेळ थांबलीय. चांगली दोन सेकंद. तो १ नव्हताच, ५ होता.

खाली मेसेज, "दाजी, ताईला दाखवू नका."

मी बेरीज केली. ३४ मधून १ काढला, ५ घातले, ३८. तरी दुसराच.